डुगडुगणारा माउथपीस

आजची दुपार भाच्याच्या सेकंडहँड ट्रॉम्बोनमागे (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) गेली. माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा तुकडा, खोचला की पार वरच्या कपापर्यंत आत जायचा, वर डुगडुगायचा. सूर कसले लागतायत! दांडिया बाजारातले आमचे शेजारी काका लगेच टेफ्लॉन टेप घेऊन हजर. (नळ असो की वाद्य, औषध एकच!) माउथपीस काढून पाहिला तर शँकवर, म्हणजे वाद्यात शिरणाऱ्या निमुळत्या दांड्यावर, एकाच कडेला घासल्याची चकचकीत खूण. शँक स्मॉल, आणि तो बसतो ती नळी लार्जची. स्मॉलचं टोक साधारण १२.७ मिमी, लार्जचं १४ च्या आसपास. दिसायला फरक किरकोळ, पण निमुळता भाग सगळीकडून टेकला नाही तर हवा गळणारच. भाचा ठोकून बसवायला निघाला होता, त्याला आवरलं. अडकला तर पुलरशिवाय (अडकलेला माउथपीस ओढून काढायचं अवजार) सहसा निघत नाही. अडॅप्टरही मिळतो, पण लार्ज शँकचा माउथपीसच मागवलाय. तोवर ताईच्या कानांना सुट्टी.