तुम्ही विचारलेत म्हणून: पॅक-मॅन पुन्हा का लिहितो?

चवथीला जमलेले नातेवाईक असोत की पणजीतले मित्र, विचारतात ते एकच: पॅक-मॅन, म्हणजे चक्रव्यूहात चार भुतांना चुकवत गोळ्या खायचा खेळ, फोनवर फुकट मिळतो, एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, तर मूळ यंत्रातला प्रोग्राम जसाच्या तसा चालतो, मग तो झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या जुन्या संगणकावर असेंब्लीत, म्हणजे जवळजवळ प्रोसेसरच्याच भाषेत, पुन्हा कशाला लिहायचा? जुन्या आठवणी, असे उत्तरही तेच देऊन टाकतात. ते मला मान्य नाही. लहानपणी मी स्पेक्ट्रम पाहिलासुद्धा नव्हता.

१९८० च्या त्या मूळ आर्केड यंत्रात (नाणे टाकून खेळायचे ते) आणि १९८२ च्या स्पेक्ट्रममध्ये प्रोसेसर एकाच जातीचा आहे, झेड८०. आर्केडमधला ३.०७२ मेगाहर्ट्‌झवर चालतो, स्पेक्ट्रममधला ३.५ वर. मात्र आर्केडमध्ये भुते हलवायला वेगळी यंत्रणा होती आणि प्रोसेसरने फक्त जागा सांगायची असे. स्पेक्ट्रममध्ये पडद्यावरचा प्रत्येक ठिपका त्यालाच पुसावा आणि काढावा लागतो, तोही प्रोसेसरच्या घड्याळाच्या ६९,८८८ ठोक्यांत, कारण तेवढ्यात पडद्याची पुढची फेरी सुरू होते. अशा वेळी काहीतरी सोडावेच लागते, आणि काय सोडले की खेळ हातचा जातो हे मला जाणून घ्यायचे आहे. एम्युलेटर ते सांगू शकत नाही, कारण त्याला काहीच सोडावे लागत नाही.

मूळ चक्रव्यूह २८ बाय ३१ चौकोनांचा, चौकोन ८ ठिपक्यांचा, म्हणजे उंची २४८. स्पेक्ट्रमचा पडदा जेमतेम १९२ उंच. चौकोन ६ ठिपक्यांचा केला की सगळे १८६ मध्ये बसते. पण स्पेक्ट्रमवर रंग ८ बाय ८ च्या घरांतच भरता येतो आणि एका घरात दोनच रंग मावतात, त्यामुळे लाल भूत भिंतीजवळून गेले की भिंतही लाल होते. म्हणून मी चारही भुते पांढरी ठेवली. रंग ही सजावट, खरा खेळ चालींचा, असे तेव्हा मी ठासून सांगत असे.

गेल्या चवथीला आरती आटोपल्यावर थोरले चुलतभाऊ वसरीवर खेळायला बसले. तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना त्यांनी हा खेळ भरपूर खेळला होता. गुलाबी भूत तुमच्या पुढचा चौथा चौकोन धरून येते. म्हणून ते जवळ आले की त्याच्याकडेच तोंड करायचे, ते बहुधा वळून जाते, ही खूण त्यांच्या बोटांत अजून होती. ते बेधडक एका भुताच्या अंगावर गेले. ते मूळचे लाल भूत निघाले, आणि लाल सरळ तुमच्यावरच येते. पुन्हा तसेच झाले. मी म्हणालो, "दादा, चालीवरून ओळखा." ते म्हणाले, "अरे, चाल कळायला ते भूत कुठलं हे आधी कळायला नको?" मी घरांचे, दोन रंगांचे गणित सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कीबोर्ड बाजूला ठेवला आणि फुगड्या बघायला आत गेले.

मला फार लागले. आजही वाटते की त्यांनी आणखी थोडे खेळायला हवे होते, कारण लाल आणि गुलाबी यांच्या वळण्यातला फरक दिसतो, मला दिसतो. पण तो प्रोग्राम मीच लिहिला आहे, हेही तितकेच खरे.

त्यानंतर ८ ठिपक्यांचे चौकोन घेऊन पाहिले. भुते चौकोनाएवढी आखडली तर रंग बऱ्याच अंशी परत येतात, पण पडदा वरखाली सरकवावा लागतो आणि पूर्ण चक्रव्यूह एका नजरेत राहत नाही. मग बेत कशावर आखायचा? मूळ प्रोग्राममधली एक चूक मात्र मी मुद्दाम जपली आहे: पॅक-मॅन वर तोंड करून असला की गुलाबी भुताचे लक्ष्य चार चौकोन वर आणि शिवाय चार चौकोन डावीकडे जाते. लोकांच्या वाटा तिच्यावर बसल्या आहेत. ती दुरुस्त करायचा अधिकार मला नाही. मग रंगांवरही त्यांच्या वाटा बसल्या नव्हत्या का, असे दादा विचारतील.

सध्या लाल भूत भरीव, गुलाबी पट्ट्यांचे, निळसर पोकळ आणि नारिंगी अर्धे भरलेले आहे. कोपऱ्यात वेगाने वळताना पट्टे आणि पोकळी अजून सारखीच दिसतात, आणि आठाच्या चौकोनांची फाइल मी पुसलेली नाही.