तारेचे पैसे कंपनीनं दिले काय?

"काय ओ मॅडम, दाताला तार बसवलासा, पैसे कंपनीनं दिले काय?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीन शॉपच्या गेटावर, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ रिक्षाची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

नाही दिले. एक रुपयासुद्धा नाही. लाजेची गोष्ट अशी की पगारपत्रकं आणि ग्रुप मेडिक्लेमची, म्हणजे कंपनीनं कामगारांसाठी काढलेल्या आरोग्य विम्याची, फाइल माझ्याच टेबलावर असते. पॉलिसी दरवर्षी मीच रिन्यू करून घेते, आणि तरी वयाच्या 42व्या वर्षी मी स्वतःचा क्लेम भरला. पंधरा दिवसांत दोन ओळींचं उत्तर आलं : दातांचे उपचार अपघात झाला असेल तरच, तेही अ‍ॅडमिट झाल्यावर.

मेडिक्लेम हा मुळात दवाखान्यात भरती होण्याचा विमा. त्याच दिवशी घरी सोडतात अशा काही ठरावीक डे-केअर शस्त्रक्रिया सोडल्या तर 24 तास अ‍ॅडमिट असल्याशिवाय तो हलत नाही. मी महिन्यातून एकदा वीस मिनिटं जायची. डॉक्टर पकडीनं तार ओढायचे, बारीक रबरी रिंगा बदलायचे, की मी घरी. विम्याला खाट लागते हो, माझ्याकडे नुसती खुर्ची होती.

मी भांडले. खालचे दात एकावर एक चढलेले, अन्न अडकून हिरड्या सुजायच्या, हे काही दिसण्यासाठी नव्हतं. डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली. पण विमा नियामकानं ठरवून दिलेल्या वगळणुकींच्या यादीत 'रूप बदलण्यासाठीचे उपचार' असं एक कलम आहे. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची दुरुस्ती, नाहीतर प्रकृतीला थेट आणि तात्काळ धोका असेल तर त्यातून सूट. सुजलेली हिरडी तात्काळ धोक्यात बसत नाही म्हणे. त्याच वर्षी आमच्या एका लेथवाल्याच्या हातून चकची, म्हणजे लोखंड धरून फिरणाऱ्या पकडीची, चावी चकमध्येच राहिली, मशीन सुरू होताच ती उडून तोंडावर बसली. पुढचे दोन दात आणि जबड्याला प्लेट, दोन रात्री अ‍ॅडमिट. त्याचा क्लेम मीच भरला, दातांसकट पास झाला. त्याचा हेवा वाटावा इतकी मी खुळी नाही, पण कलमाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे ते ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, येतात, ही पॉलिसी त्यांना लागूच नाही. त्यांनी कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यातच विचारायचं, माझ्याकडे नाही.

"बेंगळूरच्या आयटीवाल्यांना मिळतं की!" असंही ऐकते. भाच्याची पॉलिसी मी वाचली. ओपीडीत, म्हणजे अ‍ॅडमिट न होता, दात साफ करणं, फिलिंग, रूट कॅनॉल, वर्षाला ठरलेल्या रकमेपर्यंत. खालीच बारीक अक्षरात : ऑर्थोडोंटिक, म्हणजे तार लावून दात सरळ करणं, वगळून. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या पुष्कळ डेंटल प्लॅनमध्ये तारेचा साधारण निम्मा खर्च मिळतो, पण जन्मभरात मिळून एकच ठरलेली रक्कम, आणि कित्येक प्लॅन फक्त मुलांसाठी. म्हणजे बेचाळिशीची बाई तिथंही खिडकीबाहेरच उभी.

मग मी काय केलं? बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. त्यातल्या एकात गेले. तिथं एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, करणारी पोरं सरांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी, वेळ जास्त. शेजारच्या खुर्चीवर खानापूरची एक शाळकरी मुलगी असायची, पहाटेच्या एसटीनं यायची. मला 'आंटी, तुम्ही पण?' म्हणाली होती. माझे 34,000 गेले, हप्त्याहप्त्यानं, बावीस महिन्यांत. वय झाल्यावर हाड घट्ट झालेलं असतं आणि आधी हिरड्या नीट कराव्या लागतात, त्यामुळे थोडा वेळ जास्तच धरा. आणि तार असताना खायचं काय? मऊ कुंदा खुशाल खा. गोकाकचा चिवट करदंट नको, दाताला चिकटवलेलं तार धरणारं माझं एक ब्रॅकेट त्यातच निघून आलं.

तुमच्या कंपनीत विचारायचं असेल तर 'डेंटल आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मोठ्या माणसाच्या ऑर्थोडोंटिक उपचाराला किती' असं मेलवर विचारा, आणि रिन्यूअलच्या आधी. यंदा मी एजंटाकडून डेंटल ओपीडी जोडायचं कोटेशन मागवलं. साहेबांनी आकडा बघितला, कागद उलटा ठेवला आणि चहा मागवला.