दोन पिल्लं आणि एक बाबागाडी

धाकटी झाली तेव्हा थोरला सव्वादोन वर्षांचा, आणि लंडनमध्ये आमच्याकडे कार नाही, सगळं बसने नाहीतर पायी, त्यामुळे बाबागाडी कुठली घ्यायची यावर आम्ही खरंच महिनाभर डोकं लावलं.

शेजारी-शेजारी सीटवाली डबल मला फार आवडली होती, दोघं एकमेकांना बघत बसतात, वळवायलाही सोपी. पण तिची रुंदी 75 सेंमी आणि आमचं दार टेपने मोजलं तर 72! प्लीज आधी दार मोजा, लिफ्टसुद्धा. मागेपुढे सीटवाली दारातून जाते पण लांबलचक, थोरला पुढे बसला की फुटपाथवर चढवताना हँडलवर सगळा जोर द्यावा लागतो, टाके ओले असताना मला ते जमलंच नसतं.

आणि नवजात बाळाला सपाट झोपता येईल अशीच सीट हवी, साधारण सहा महिने तरी, यात तडजोड नको.

बसमध्ये बाबागाडी ठेवायच्या जागेवर व्हीलचेअरवाल्यांचा हक्क पहिला, तो असायलाच हवा, म्हणजे कुणी व्हीलचेअरवालं आलं की बाळ खांद्यावर ठेवून एका हाताने गाडी मिटली पाहिजे.

शेवटी सपाट होणारी सिंगल घेतली आणि मागे थोरल्याला उभं राहायला चाकांचा बोर्ड. आई म्हणाली, "अगं, दुपारी त्याला झोप आली की काय करशील?" बरोबर होतं तिचं. मग कापडी झोळी घेतली, तो पेंगायला लागला की धाकटी माझ्या छातीशी आणि तो सीटवर.