दगडफूल

मार्च संपत आला की सोलापुरात घरोघरी काळ्या मसाल्याची गडबड सुरू होते. मिरच्यांची देठं कुणीही मोडावीत, धणे कुणीही निवडावेत. दगडफूल मात्र मी दुसऱ्याच्या हाती देत नाही. वरून करडं, खालून काळंकुट्ट, हातात घेतलं तर वजनच नाही. कडांना झाडाची साल चिकटलेली असते, ती नखानं सोडवत बसायचं. कोरडं हुंगलं तर नुसता मातकट वास. गरम तेलात पडल्यावर ते बोलायला लागतं.

आजीकडे त्याचे दोन डबे असत, एक मसाल्याचा आणि एक औषधाचा. माल एकाच पुडीतला. तरी औषधाच्या डब्यातलं चिमूटभर मसाल्यात गेलेलं तिला खपायचं नाही. उन्हातून येऊन डोकं ठणकायला लागलं की ती दगडफूल भिजवायची, पाट्यावर वाटायची आणि कपाळावर थापायची. "हलू नको की रे, गळतंय बघ!" लेप वाळला की कपाळ असं ताणायचं की भुवया उचलत नसत. लघवीला जळजळ झाली की तोच लेप कोमट करून ओटीपोटावर. आयुर्वेदातलं शैलेय ते हेच. भावप्रकाशात ते थंड, कफपित्त कमी करणारं सांगितलंय. खाज, दाह, मुतखडा यांवरही. आजीला ग्रंथ ठाऊक नव्हता, सासूनं सांगितलेलं ठाऊक होतं.

डोकं लेपानं उतरायचं की तासभर गार फरशीवर निपचित पडल्यानं, देव जाणे. मुतखड्याला मात्र मी आधी सोनोग्राफी करीन.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. शेवाळानं उन्हावर अन्न करायचं, बुरशीनं आसरा द्यायचा. जमिनीतून शोषायला मुळं नाहीत. जे मिळेल ते हवेतून, पावसातून. म्हणून हवेतलं शिसंसुद्धा ते साठवून ठेवतं. वाढही वर्षाला काही मिलिमीटर. मग औषध म्हणून घ्यायचं तर ते कुठल्या रानातलं, कुठल्या हवेतलं, हे नको का कळायला?

मंगळवार पेठेत दुकानदाराला हेच विचारलं. तो म्हणाला, "मसाल्याला पाहिजे का औषधाला?"

"दोन्हीला."

त्यानं एकाच पोत्यात हात घातला.