पॅकेज तयार होते, अडले ते लायसन्सच्या एका ओळीवर

मी लिहिलेली एक लहान लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) नुकतीच एका मुक्तस्रोत पॅकेज संग्रहात दाखल झाली. कोड, चाचण्या, बिल्ड (कोडपासून वापरण्याजोगे पॅकेज बनवणे) हे सगळे विनासायास पार पडले. मला अडवले ते लायसन्सची, म्हणजे कोड वापरण्याच्या अटींची, माहिती कशी भरावी हे सांगणाऱ्या पानाने, आणि त्या पानाने दिलेला मनस्ताप अजूनही पुरता ओसरलेला नाही.

माझा कोड एमआयटी लायसन्सखाली होता, मात्र सोबतची एक फाइल दुसऱ्या लेखकाची आणि तीन कलमांच्या बीएसडी लायसन्सखालची होती. मार्गदर्शिकेत 'लागू असलेली सर्व लायसन्स योग्य स्वरूपात नोंदवावीत' एवढेच वाक्य होते. योग्य स्वरूप म्हणजे कोणते, याचा एकही नमुना दिलेला नव्हता. मी दोन्ही नावे स्वल्पविराम देऊन लिहिली, कारण वेगळे काही करावे असे तिथे कुठेही सुचवलेले नव्हते. तपासणीचे साधन 'लायसन्सची माहिती अवैध' असा शेरा देऊन थांबत होते. कोणती ओळ अवैध आणि तिथे काय हवे, याबद्दल अवाक्षर नाही. रिव्ह्यूसाठी बराच काळ ताटकळल्यावर एका मेंटेनरने, म्हणजे संग्रहाची देखभाल करणाऱ्याने, एका वाक्यात उलगडा केला: तिथे एसपीडीएक्सच्या, म्हणजे लायसन्सची माहिती ठरावीक रूपात नोंदवण्याच्या, पद्धतीने लिहायचे असते. ही पद्धत २०२१ पासून आयएसओ/आयईसी ५९६२ या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग आहे. तीत दोन लायसन्समध्ये 'अँड' लिहिले की दोन्हींच्या अटी लागू होतात, तर 'ऑर' लिहिले की घेणाऱ्याला त्यांतले एक निवडता येते. म्हणजे अंदाजाने 'ऑर' लिहिले असते, तर दुसऱ्या लेखकाच्या अटी पाळणे ऐच्छिक आहे असेच मी परस्पर जाहीर केले असते. हा खुलासा जाणत्यांसाठीच्या वेगळ्या संदर्भपानावर होता आणि मार्गदर्शिकेत त्याचा दुवाही नव्हता. नवख्याचा उत्साह अशाच ठिकाणी मावळतो, शिवाय स्वेच्छेने काम करणाऱ्या मेंटेनरचा वेळही तेच तेच उत्तर देण्यात जातो.

म्हणून ते पान मी नव्याने लिहून पाठवले. त्यात एकाच लायसन्सचे, दोन्ही लागू असल्याचे आणि निवड खुली असल्याचे असे पूर्ण भरलेले नमुने आहेत. तपासणीचा शेरा शब्दशः देऊन त्याच्याखालीच उपाय लिहिला आहे, कारण अडलेला माणूस शोधताना तोच शेरा टाकतो. पॅकेज सबमिट केल्यावर ते कोण पाहते आणि उत्तर आले नाही तर कुठे विचारावे, हेही आता तिथे आहे. असे पान लिहिणाऱ्यांनी एखाद्या नवख्याला ते वापरायला द्यावे आणि स्वतः मध्ये न बोलता तो कुठे थबकतो ते पाहावे. मला याचा सर्वाधिक उपयोग झाला.

सबमिट करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आठवली. अनेक लिनक्स वितरणांमध्ये बिल्डच्या वेळी नेटवर्क बंद असते, त्यामुळे स्वच्छ कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या वातावरणात) नेटवर्क तोडून आधी बिल्ड करून पाहावे. नकळत डाउनलोड होणारी डिपेंडन्सी, म्हणजे आपला कोड ज्यावर अवलंबून असतो तो दुसरा कोड, तिथेच उघडी पडते. तसेच लायसन्सचा पूर्ण मजकूर पॅकेजमध्ये ठेवावा. नुसते नाव पुरत नाही, एमआयटी लायसन्सची ती अटच आहे.

पान लांबल्याची एका मेंटेनरची तक्रार होती, पण नमुने न वगळता माझा बदल स्वीकारला गेला, याचे मला समाधान आहे. तपासणीच्या शेऱ्यात ओळीचा क्रमांक यावा यासाठीचा बदलही मी पाठवला असून तो सध्या रिव्ह्यूच्या रांगेत आहे.