रानडुक्कर कुठे मारायचं, हे शोधत निघालो तेव्हा

2023 च्या चतुर्थीला पाच दिवसांचा गणपती पोचवून आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात उतरलो, तर खालच्या तुकड्यातलं अर्धं भात आडवं. भात दुधात होतं, दाणा अजून भरायचा होता. लोंब्या चावून चोथा करून थुंकलेल्या, बांध दोन ठिकाणी उसकटलेला, आणि आईने हौसेने लावलेल्या झाडकणगीच्या कंदांच्या जागी नुसते खड्डे. वेल तेवढे वर लटकत होते.

आमचं शेत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. वर कुळागर आहे: पोफळी, थोडे माड, केळी, मिरी. खाली भाताचे दोन तुकडे, आणि त्यापलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की रान सुरू. मी होंडा गावाच्या बाजूला एका कारखान्यात शिफ्टला जातो, म्हणजे शेतकरी निम्माच. पण त्या सकाळी मी पूर्ण शेतकरी होतो आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. काकांकडे बंदूक आहे.

काकांची बंदूक म्हणजे ठासणीची. शेतसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या वेळचा, पुढे काकांच्या नावावर झालेला. माझा समज असा की परवान्यावर ‘शेतसंरक्षण’ लिहिलंय, डुक्कर शेतात येतं, म्हणजे हिशेब जुळला. फक्त रात्री कुठे बसायचं ते ठरवायचं. गावातल्या निम्म्या माणसांचा आजही हाच समज आहे.

ह्यूस्टनला असलेल्या मावसभावाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर हसण्याच्या चिन्हांसकट आलं: इथे ये, हवी तेवढी मार. टेक्सासमध्ये 2019 पासून खासगी जमिनीत, मालकाची परवानगी असेल तर, रानटी डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. 2011 च्या कायद्याने तर हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायलाही मोकळीक दिली. लोक पैसे मोजून दुसऱ्याच्या रानात शिकारीला जातात. ‘कुठे जायचं’ हा तिथल्या शिकाऱ्याचा नेहमीचा प्रश्न, आणि तो निर्धास्तपणे विचारता येतो. मला त्याचा हेवा वाटला. पण तिथलं डुक्कर परकं आहे. स्पॅनिश लोकांनी जहाजातून आणलेली पाळीव डुकरं सुटली, रानटी झाली, पुढे त्यांत युरोपातून आणून सोडलेल्या रानडुकरांचं रक्त मिसळलं. आपलं रानडुक्कर इथलंच आहे, आपल्या आधीपासून. कायदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो तो त्यामुळे.

हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मी सरळ आमच्या भागातल्या वनरक्षकाला गाठलं. ओळखीचा माणूस, वयाने माझ्यापेक्षा लहान. चहाच्या टपरीवर विचारलं, “आमच्या शेतात रात्री बसलो तर चालेल ना? परवाना आहे.”

“परवाना कशाचा दादा?”

“बंदुकीचा.”

“तो बंदूक बाळगायचा. डुक्कर मारायचा खंय आसा?”

आणि मग त्याने टपरीवरच्या चार माणसांसमोर माझी शिकवणी घेतली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुक्कर मारणं हा गुन्हाच. आपल्या शेतात आलेलं असलं तरी. आधी ते कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, होतं. कायद्यात बदल होऊन 1 एप्रिल 2023 पासून ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. अभयारण्याच्या आत केलं तर कैद तीन वर्षांपासून सुरू होते आणि सातपर्यंत जाते. आणि आमचा व्हाळ ओलांडून अभयारण्याची हद्द किती लांब, हे मला नेमकं सांगता येत नव्हतं. म्हादई अभयारण्य 1999 साली झालं, 208 चौरस किलोमीटरचं, हे शाळेत पाठ केलं होतं. ती रेषा आपल्या कुठल्या फणसाजवळून जाते, हे शाळेत शिकवत नाहीत.

“मग काहीच वाट नाही?”

“आसा. कलम अकरा.” उभ्या पिकाचं किंवा मालमत्तेचं नुकसान करणारं जनावर मारायला मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, कारणं नोंदवून. केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं, ठरावीक काळासाठी जनावराला उपद्रवी ठरवू शकतं ते वेगळं. बिहारने, उत्तराखंडने रानडुकरांसाठी ते मागून घेतलं होतं. केरळात 2022 पासून पंचायतीच्या पातळीवर परवानगी मिळू लागली. आम्हाला मात्र कलम अकराचा अर्ज.

त्याच टपरीवरून उठताना एकाने हळूच सांगितलं, अर्ज कसले करतोस, तारेचा फास लाव, सकाळी काम झालेलं असेल. वनरक्षक तोवर गाडीला किक मारत होता. फासाला कोण अडकणार ते फास ठरवत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आणि जानेवारी 2020 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या गोळावलीत चार वाघ विषाने मेलेले सापडले, त्यानंतर गावात किती महिने कशी पळापळ होती ते मी पाहिलंय. नाही म्हटलं. मोठा तत्त्वनिष्ठ आहे म्हणून नाही, घाबरलो म्हणून.

इथे एक खाजगी गोष्ट सांगून टाकतो. आमच्या घरात गावडुकराचं नुसतं नाव जेवताना काढलं तर आजी ताट सारून उठायची. रानडुकराची गोष्ट निराळी. ते ‘शिकार’. आजोबांच्या काळी शिकार झाली की गावात वाटे पडायचे, हे तीच आजी डोळे चमकवत सांगायची. तेव्हा माझ्या रागात भाताचं दुःख किती आणि जिभेची जुनी ओढ किती, हे मी ठरवू शकलेलो नाही. मारलेलं जनावर सरकारचं असतं, मांस घरी नेता येत नाही, हे कळल्यावर काकांचा उत्साह निम्म्यावर आला एवढं खरं.

अर्जासाठी काय काय लागेल ते विचारून आलो. जमिनीचा कागद, बंदुकीचा परवाना कोणाच्या नावे, नुकसान किती, ते लागेलच. पण मी अडकलो साध्या प्रश्नांवर. कुठून येतात? किती वाजता? किती आहेत? एकटा नर की पिल्लांसकट कळप? डुक्करच कशावरून, साळिंदर कशावरून नाही?

मला काहीच सांगता येईना. तिथून खरं काम सुरू झालं.

शेजारच्या आबांना बरोबर घेतलं. आबा पंचाहत्तरीचे. रानातलं त्यांना इतकं कसं कळतं, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला चिखलात उकिडवं बसवलं. डुकराच्या पावलात पुढे दोन खूर आणि मागे, जरा बाहेरच्या बाजूला, दोन टिकल्या उमटतात. भेकराच्या पावलात त्या टिकल्या सहसा दिसत नाहीत. कडा धारदार असल्या तर पाऊल रात्रीचं. कडा ढासळून आत पाणी साचलं असेल तर जुनं. लहान पावलं मोठ्या पावलांवर पडलेली दिसली, की मादी पुढे आणि पिल्लं मागे.

मग कोणी काय खाल्लं ते. डुक्कर नाकाने जमीन नांगरतं, एका ओळीत, माती दोन्ही बाजूंना फेकत. साळिंदर नेमका खड्डा करतं, कोवळ्या माडाचा बुंधा कुरतडतं आणि कधी एखादा काटा टाकून जातं. झाडकणगीच्या खड्ड्यांजवळ आम्हाला दोन काटे मिळाले. म्हणजे आईची कणगी डुकरांनी नव्हे, साळिंदराने नेली होती, आणि मी आठ दिवस भलत्याच जनावराला शिव्या देत होतो. वरच्या केळींचं काम माकडांचं. व्हाळाकडच्या बांधावरचा मोठा खळगा गव्याचा निघाला. एका शेतात चार जनावरं, आणि बदनामी एकाची.

भात मात्र डुकरांनीच लोळवलं होतं.

वाट शोधायला तीन आठवडे गेले. दुसऱ्या पाळीचं काम संपवून घरी यायला रात्रीचे साडेबारा व्हायचे, पहाटे पाचला आबा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणाशी, उभे. आम्ही व्हाळाच्या काठाने चालत जायचो. डुक्कर रोज नवी वाट काढत नाही. गडग्याचा एखादा दगड निसटलेला असतो, करवंदीच्या जाळीखाली गुडघाभर उंचीचं भुयार पडलेलं असतं, तिथूनच ते जा-ये करतं. जाळीच्या काट्यांना राठ, टोकाला फाटे फुटलेले केस अडकतात. व्हाळाच्या वळणावर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे त्यांची लोळण सापडली. म्हशीच्या डबक्याएवढी, वास येणारी. लोळून उठलं की ते जवळच्या झाडाला अंग घासतं. एका किंदळीच्या बुंध्यावर चिखल माझ्या मांडीपर्यंत चढलेला होता. आबांनी हाताने उंची मोजली आणि फक्त “बरो आसा” म्हणाले. त्यानंतर मी त्या वळणावर एकटा कधी गेलो नाही.

मी शाळेची दोनशे पानी वही घेतली. तारीख, वेळ, कुठून आत, कुठून बाहेर, चांदणं की अंधार, पाऊस होता का. फोनमध्ये फोटो, फोटोत मापासाठी कोयता. एकोणीस दिवसांच्या नोंदी झाल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. आमच्या हद्दीत शिरायच्या जागा तीनच. दोन व्हाळाकडून, एक वरच्या मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, मागून. कळप सहा-सातांचा, पिल्लांसकट. मोठा नर वेगळा, तो मांगरामागून यायचा आणि एकटा यायचा. मी समजत होतो की डुकरं रानातून, म्हणजे चहूबाजूंनी येतात.

मधल्या काळात भरपाईचं एक प्रकरण झालं, ते थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की डोकं दुखतं. शेतकरी आधार निधीतून जंगली जनावरांनी केलेल्या नुकसानीचेही पैसे मिळतात, कृषी कार्ड असलं म्हणजे. आमचं कार्ड होतं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या सातबारावर, मात्र आजोबांचं आणि त्यांच्या दोन भावांचं नाव. तिघेही वारलेले. वारस अकरा, त्यांतला एक मुंबईला, एक लिस्बनला. सत्तरीतल्या जमिनींच्या कागदांची कहाणी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सगळ्यांच्या ना-हरकत पत्रांवर सह्या जमेपर्यंत पीक कापून झालं होतं आणि पाहणीला आलेल्या माणसाला मी नुसती खोडं दाखवली. त्याने विचारलं, “त्याच दिवशी का कळवलं नाही?” बरोबरच होतं त्याचं. नुकसान दिसलं की आधी फोटो, मग त्याच दिवशी लेखी कळवायचं, आणि पंचनामा होईपर्यंत शेतातलं काही हलवायचं नाही. हे मी दुसऱ्या वर्षी केलं. पहिल्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच.

कलम अकराचा अर्ज वहीच्या आधाराने मस्त लिहून झाला होता. नकाशासुद्धा काढला, तीन बाण दाखवून. तो मी दिलाच नाही. एक तर काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात ठासणीची बंदूक घेऊन ते गडग्यावर बसणार आणि पलीकडे आबांचं घर, हे चित्र काकूने माझ्यासमोर एकदाच उभं केलं. दुसरं, मार्च 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. गोव्यातलं मतदान 7 मेला. बंदूक घरी आली जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, आणि काकांनी ती तेल लावून पेटाऱ्यात ठेवली.

तिसरं कारण आबांनी दिलं. वही चाळत म्हणाले, “तीन दारं तुला ठाऊक झाली. घराला तीन दारं असली तर चोराला मारायला बसतोस की कडी घालतोस?”

सौर कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान आहे. सगळ्या शेताला घालायचं तर माझ्या वाट्याचा खर्चही परवडला नसता. तीन दारांच्या बाजूंनाच घातलं. सर्वांत खालची तार जमिनीपासून सहा-सात इंचांवर, दुसरी सव्वा फुटावर. डुक्कर नाक पुढे करून येतं, झटका नाकाला बसायला हवा. तार वर गेली तर ते खालून सरळ आत. झटका क्षणभराचा, बॅटरीवरच्या यंत्रातून ठरावीक अंतराने येणारा. घरातली वीज तारेत सोडणारे महाभाग आहेत. त्याने माणसं मरतात आणि तो सरळ गुन्हा आहे.

बसवणाऱ्याने जे सांगितलं नाही ते पावसाने शिकवलं. जुलैत आठ दिवसांत गवत तारेला टेकतं आणि सगळा झटका गवतातून जमिनीत जातो. यंत्र टिकटिक करत राहतं, आपण निर्धास्त, आणि तार मेलेली. पंधरा दिवसांनी एकदा खालची पट्टी बेणावी लागते. एका पाळीत मी चुकलो आणि त्याच रात्री कळप आत. एवढ्या लवकर त्यांना कसं कळतं, देव जाणे.

2024 च्या चतुर्थीनंतर भात उभं होतं. सगळं नाही; मांगराच्या बाजूचा एक कोपरा गेला. कळपाने आमचा नाद सोडला आणि आबांच्या सुरणात शिरला. त्यामुळे आबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे पाचला मीच त्यांच्या गडग्यावर जाऊन उभा राहिलो. ते बाहेर आले, माझ्या हातातली नवी वही बघितली आणि कोयता आणायला आत गेले.