तिच्या वहीतले शब्द

पुण्यात मी जीआरईच्या, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, व्हर्बल (इंग्रजी भाषेच्या) विभागाची तयारी करून घेतो. त्या शनिवारी सराव चाचणीत सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचे प्रश्न होते. रिकामी जागा एक, पर्याय सहा. त्यांतले असे दोन निवडायचे की वाक्याचा अर्थ सारखाच निघेल. एक बरोबर आला आणि एक चुकला, तर गुण शून्य.

ज्याचं पाठांतर वर्गात सगळ्यात पक्कं, त्याच मुलाचे बहुतेक प्रश्न चुकले. कुठलाही शब्द विचारा, अर्थ तोंडावर. पण पर्यायांत समानार्थी जोडी दिसली की तो तीच उचलायचा. आणि वाक्यात न बसणारी अशी जोडी या प्रश्नांत बऱ्याचदा पेरलेली असते.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, सोलापूरच्या एका मुलीचे मात्र जवळपास सगळे बरोबर होते. मी तिची वही मागून घेतली. पानावर एकच शब्द. मराठी अर्थ कोपऱ्यात, बारीक अक्षरात. बाकी पानभर तो शब्द जिथे जिथे भेटला ती वाक्यं, बहुतेक इंग्रजी दैनिकांच्या अग्रलेखांतली. ‘मिटिगेट’च्या पानावर रिस्क, डॅमेज, इफेक्ट. ‘ॲलिव्हिएट’च्या पानावर पेन, पॉव्हर्टी, सफरिंग. ‘ॲबेट’खाली वादळ आणि पूर, आणि टीप: ‘हे बहुधा आपणहून ओसरतं.’ मुलाच्या यादीत तिन्हींपुढे एवढंच होतं: कमी करणे.

२०११ साली जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि ॲनालॉजीचे, म्हणजे शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायचे, प्रश्न काढून टाकले. नुसता अर्थ पाठ असण्याचा खरा उपयोग तिथेच होता. तरी शब्दयाद्या खपतात आणि मुलं घोकतात. मला याचा संताप येतो, कारण महिनोन्‌महिने घोकणारी ही मुलं कष्टाला कमी नसतात.

ठरलेला पाठ बाजूला ठेवून मी तिची पानं फळ्यावर उतरवली. मुलगा पुढच्या बाकावर येऊन बसला.

‘‘पण असं केलं तर दिवसाला शब्द होणार किती?’’ त्याने तिला विचारलं.

‘‘चार-पाच. आठवड्याने मराठी अर्थ झाकून तेच पान परत बघते. नाही आठवलं तर दोन दिवसांनी पुन्हा.’’

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतही अंतर ठेवून केलेल्या उजळणीचा फायदा दिसला होता. तिला हे नाव ठाऊक नव्हतं.

मुलाला मी चाचणीत चुकलेले शब्द तेवढे घ्यायला सांगितले आणि प्रत्येकाची निदान तीन वाक्यं छापील मजकुरातून शोधायला लावली. तास संपल्यावर तो तिच्याकडे जुने अग्रलेख मागत होता.